संगणक वारंवार बंद पडतो? आधी हवेची वाट पाहा

भर दुपारी गिऱ्हाईक समोर उभे असते आणि बिल काढणारा संगणक रेंगाळतो किंवा आपोआप बंद पडतो. असा अनुभव अनेक दुकानदार बांधवांना येतो. 'मशीन जुनी झाली, नवी घ्या' हा सल्ला लगेच मिळतो. आम्हालाही मिळाला होता. पण कॅबिनेट उघडले तेव्हा पंख्यावर धुळीचा थर साचलेला दिसला. तो काढताच तीच मशीन नीट चालू लागली.

प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती गरम हवा कॅबिनेटबाहेर गेली नाही तर पंखा तीच हवा आत फिरवत राहतो. प्रोसेसर साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की स्वतःचा वेग कमी करतो. त्याहून तापला तर मशीन बंद होते. हा बिघाड नसून बचाव आहे. मात्र चालू बिलाची नोंद त्यात जाऊ शकते.

हवेची वाट सरळ असावी: थंड हवा समोरून आत, गरम हवा मागून बाहेर. पंख्यापुढे कागदाची पट्टी धरली की हवा कुठे जाते ते कळते. मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. बंद कपाटात मशीन कोंडू नये. झाकणही काढून ठेवू नये. त्याने धूळ वाढते. मालेगाव, भिवंडीत यंत्रमागाजवळ सुताचे तंतू आणि सुतारकामाच्या जागी भुसा जाळीवर लवकर बसतो. तेथे जाळी दर आठवड्याला झटकावी.

आतली सफाई करताना प्लग काढावा. मऊ ब्रश किंवा ब्लोअर वापरावा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. पॉवर सप्लायचा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. एवढे करूनही मशीन तापत असेल तर प्रोसेसरवरील वाळलेली पेस्ट कारागिराकडून बदलून घ्यावी.

व्यापारी बंधूंनो, हिशेबाची एक प्रत रोज पेन ड्राइव्हवर घेत जा. आणि नव्या मशीनसाठी हजारो रुपये मोजण्यापूर्वी जुन्या मशीनमधली धूळ एकदा झाडून पाहा.