तीनच्या वर एक नाही

आदिलाबाद म्हटलं की कापूस. हंगामात मार्केट यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते. गावात बीडीएनटी लॅब्ससारखी सॉफ्टवेअर कंपनीही आहे आणि जिल्ह्यातलीच पोरंपोरी तिथे कामाला आहेत, हे मात्र बाहेरच्याला सांगूनही पटत नाही. इथल्याच एका छोट्या ऑफिसातलं सगळं काम एका भिंतीवर दिसतं, असं कानावर आलं, म्हणून बघायला गेलो.

भिंतीवर पांढरा फळा, त्यावर चार रकाने: करायचं, चालू, तपासणी, झालं. एका कामाची एक चिठ्ठी. काम पुढे गेलं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात. एवढ्यावर माझं कौतुक संपलं असतं. पण ‘तपासणी’च्या डोक्यावर लाल शाईत ३ लिहिलं होतं.

हा रकाना एका मुलीकडे आहे. घर कापूसवाल्यांचं, बोलणं मराठी-तेलुगू-हिंदी मिसळून. पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठ्या उडतात म्हणून तिने वरून चिकटपट्टी लावलेली. चिठ्ठी जितके दिवस अडकून पडेल तितके ठिपके कोपऱ्यात. एकीवर अकरा ठिपके होते.

मॅनेजर चौथी चिठ्ठी घेऊन आले. “मॅडम, क्लायंट थांबलाय.”

“सर, तीन झाले. यातलं एक हलू द्या आधी.”

मॅनेजर घुटमळले. मग ज्याची चिठ्ठी अडली होती, तो प्रोग्रामर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला आणि अकरा ठिपक्यांचं काम दोघांनी मिळून तपासायला घेतलं. नवं काम सुरू करण्याऐवजी जुनं संपवायला माणूस वळला. या फळ्याच्या पद्धतीला कानबान म्हणतात; तिची सगळी करामत एवढीच. यार्डातही काट्यावरची गाडी हलल्याशिवाय मागची आत घेऊन काय उपयोग?

मूळ पद्धत टोयोटाच्या कारखान्यातली. ताइची ओनो यांनी ती बसवली: पुढच्याने माल उचलला की मगच मागच्याने नवा करायचा. सॉफ्टवेअरमध्ये तिची वाट डेव्हिड अँडरसन यांनी दाखवली आणि त्या गोष्टीत आपलं हैदराबाद आहे. २००४च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एका देखभाल-गटाचे प्रोग्रामर हैदराबादेत होते. मागणी आल्यापासून काम हातात पडायला सरासरी १५५ दिवस लागत. प्रत्येक मागणीला किती वेळ लागेल, याचा अंदाज बांधण्यातच या लोकांचा बराच वेळ जाई. ते अंदाज बंद केले, हातातल्या कामांवर मर्यादा घातली. १५५चे १४ दिवस झाले.

ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. मॅनेजरांनीही मला ऐकवली, “१५५चे १४!” संध्याकाळी बघतो तर त्यांनी चौथी चिठ्ठी ‘चालू’ आणि ‘तपासणी’च्या मधल्या रेघेवर चिकटवलेली. ना आत, ना बाहेर. मुलीने ती काढून मुकाट्याने मागच्या रकान्यात लावली.

रंगीत चिठ्ठ्यांना भुलणारी ऑफिसं पुष्कळ आहेत. आकडा नसेल तर तो फळा म्हणजे नुसती तुंबलेल्या कामांची यादी. आणि आकडा असूनही तपासणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर तो आकडाही भिंतीची सजावटच. तुमच्याकडे असा फळा लावायचा असेल, तर आधी साहेबांच्या हातून आकडा लिहून घ्या. चिठ्ठ्या नंतर आणल्या तरी चालतील.