गाळावा की ठेवावा?

भाषांच्या बाबतीत हैदराबाद हे मोठे नवलाचे शहर आहे. जेथे १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथेच १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. २००७ साली तिचेच इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ झाले. इंग्रजी कसे शिकवावे, हे शिकण्यासाठी ठिकठिकाणचे शिक्षक तेथे जात आले आहेत. आपल्या घरी मात्र ती भाषा शिकणारा मुलगा एका साध्या प्रश्नापाशी अडतो : वाक्यातील अमुक शब्द लिहावा की गाळावा?

‘दॅट’ हाच शब्द घ्या. ‘आय थिंक ही इज इल’ आणि ‘आय थिंक दॅट ही इज इल’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. आपणही ‘मला वाटते, तो आजारी आहे’ असे म्हणतोच. ‘की’वाचून काही अडत नाही. पण नांदेडच्या एखाद्या तरुणाला हैदराबादेत नोकरीची मुलाखत द्यावयाची आहे आणि त्याला मित्राचे पत्र आले, असे समजा : ‘द ऑफिसर सेड ऑन मंडे द इंटरव्ह्यू वुड बी हेल्ड.’ साहेब सोमवारी बोलले, की मुलाखतच सोमवारी आहे? बिचाऱ्याने गाडी कोणत्या रात्रीची धरावी? ‘मंडे’नंतर ‘दॅट’ घातला तर साहेब सोमवारी बोलले. ‘सेड’नंतर घातला तर मुलाखत सोमवारी. अशा ठिकाणी चार अक्षरांचा कंटाळा करू नये.

आपल्या मुलांची खरी फसगत होते ती ‘हू’पाशी. ‘मला भेटला तो माणूस डॉक्टर आहे’ हे अस्सल मराठी; त्यात ‘जो’ नाही, आणि कोणाला तो आठवतही नाही. त्याच चालीवर मुलगा ‘द मॅन मेट मी इज अ डॉक्टर’ असे लिहितो, आणि ते चुकते. भेटणारा तो माणूसच असेल, म्हणजे तोच कर्ता असेल, तर ‘हू’ हवाच. मी त्याला भेटलो असेन, तर ‘द मॅन आय मेट’ एवढे पुरते.

कर्त्याचेही तसेच. ‘उद्या येईन’ म्हटले की कोण येणार हे आपले क्रियापदच सांगून टाकते. इंग्रजीतले ‘केम’ मी, तू, ते, सगळ्यांना सारखेच. म्हणून तेथे ‘आय’ लागतो. पावसालासुद्धा ‘इट’ लावावा लागतो, मग तो ‘इट’ कोण हे विचारू नये!

पूर्वी तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून असे शब्द बेलाशक गाळीत. २०१३ च्या जुलैत तारखाते बंद झाले. नोकरीच्या अर्जात मात्र तारेची ती भाषा अजून अधूनमधून डोकावते. तेथे प्रत्येक वाक्याला कर्ता द्यावा, आणि ‘दॅट’विषयी मनात किंचितही शंका आली तर तो ठेवावा.