पाच मार्कांनी हुकलं, आता पुढे?

निकालाच्या दिवसापेक्षा पहिल्या फेरीची यादी जास्त रडवते. नीटचा निकाल लागतो तेव्हा थोडी आशा असते. यादी लागली आणि त्यात नाव नसलं, की घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. मग फोन सुरू होतात. मावशी, आत्या, ऑफिसातल्या बाई. "किती पडले गं तिला? अगं बाई, थोडक्यात गेलं की!" बोलणारीला ती सहानुभूती वाटते. आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडलेल्या लेकराला ते 'थोडक्यात' सुईसारखं टोचतं.

ओळखीच्या एक वहिनी गंगाखेडहून आल्या होत्या. सरकारी मेडिकल पाच मार्कांनी हुकलेलं. म्हणाल्या, "जेवत नाही हो लेकरू. तिचे बाबा तिच्याशी बोलत नाहीत, मी बोलले की ती रडते. काय करू?"

आधी फोन तुम्ही घ्या. "अजून फेऱ्या आहेत, ठरलं की कळवते," एवढंच सांगायचं आणि ठेवायचा. शेजारच्या मुलाला किती पडले, हा विषय तुमच्या घरात आठ दिवस बंद. यजमानांशी मुलीच्या माघारी बोला. बहुतेक वडिलांना राग मुलीचा नसतो, क्लासची फी आणि लातूरच्या खोलीचं भाडं आठवत असतं, पण ते तिला कसं कळणार? आणि हे मात्र नीट ऐका: मुलगी रात्र रात्र जागत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलली असेल, तर ते रागातलं बोलणं म्हणून सोडू नका. तिला एकटी ठेवू नका, सरळ विचारा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस फोन आहे, २०२२ पासून चालू. तिथं आईलाही बोलता येतं.

आता त्या पाच मार्कांचा हिशेब. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर आलं तर चार मिळतात, चुकलं तर एक जातो. म्हणजे येणारा प्रश्न घाईत चुकला की पाच मार्कांचा फरक पडला. एका प्रश्नाचा! वीस-बावीस लाख मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यात सरकारी निम्म्याच्या जवळपास. तिथं एका प्रश्नावरून मुलीला 'मठ्ठ' ठरवणाऱ्या काकांना काय म्हणावं?

पण खरंच हुकलं का, हे आधी बघा. पहिली यादी म्हणजे शेवटची नव्हे. वरच्या मार्कांची मुलं अखिल भारतीय कोट्यातून किंवा एम्समध्ये जातात, जागा रिकाम्या होतात आणि पुढच्या फेऱ्यांत खाली सरकतात. पुढच्या फेरीचा पसंतीक्रम पुन्हा भरावा लागतो, ती तारीख चुकवू नका. आणि इथंच आपण मुलींच्या आया मोठी चूक करतो. "नंदुरबार? सिंधुदुर्ग? गडचिरोली? नको गं बाई, एवढ्या लांब!" म्हणून ती नावं यादीत घालतच नाही. मुलगा असता तर घातली असती. तिथंही सरकारी कॉलेजं आहेत, पदवी तीच मिळते. यादी आवडीच्या क्रमानं भरायची असते, लांबचं नाव शेवटी घातल्यानं जवळचं जात नाही.

मराठवाड्याच्या लोकांना हे जास्त सांगावं लागतं, कारण जुना धसका मनात आहे. ७० टक्के जागा विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, असा नियम राज्यात होता. आपल्याकडे कॉलेजंच कमी, त्यामुळे जास्त मार्कांची आपली मुलं बाहेर राहत. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला. शिवाय वर्षानुवर्षं मागणी करून परभणीचं सरकारी मेडिकल कॉलेज २०२३ साली १०० जागांनी सुरू झालं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांना ती बातमी किती गोड लागली असेल!

कागदांचंही तसंच. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएसचा दाखला, यातलं जे लागू असेल ते मुदतीतलं आहे ना, हे आजच डबा उघडून बघा. मार्क असून कागदापायी जागा गेली, तर ते दुःख पाच मार्कांहून वाईट. आणि इतर मागास, ईडब्ल्यूएस, एसईबीसी या गटांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून हवा. खाजगी कॉलेजचं नाव ऐकून हाय खाण्याआधी हे विचारून घ्या.

पुन्हा वर्ष द्यायचं का? वहिनींना मी सांगितलं, उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची घेऊन मुलीला बसवा, तेही ती जेवायला लागल्यावर. चुकलेल्या प्रश्नांपुढे तिनंच लिहायचं: 'येत होतं, घाईत चुकलं' की 'येतच नव्हतं'. पहिल्या प्रकारचे जास्त असतील आणि तिची स्वतःची इच्छा असेल, तर वर्ष द्यायला हरकत नाही. फिजिक्स मुळातच कच्चं असेल, तर त्याच क्लासला तीच फी पुन्हा भरून फार काही होत नाही. गेल्या वर्षीच्या मार्कांवर मात्र विसंबू नका. २०२४ ला ७२० पैकी ७२० घेणारी मुलं होती, २०२५ ला देशात पहिल्याला ६८६ होते. मार्क नव्हे, क्रमांक बघा.

वाट बदलायची तर नीटच्याच मार्कांवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आहेत. आणि परभणीकरांच्या दारात असून न दिसणारं एक म्हणजे पशुवैद्यकीय महाविद्यालय. पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. अर्ज वेगळा, नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे. "ढोराची डॉक्टर?" म्हणून नाक मुरडणाऱ्याच्या गोठ्यात लाल कंधारी गाय अडली, की रात्री दोन वाजता तो कोणाला हाक मारतो, विचारा त्याला. कृषी विद्यापीठात अन्नतंत्र आणि कृषीही आहे, पण त्याला सीईटी दिलेली लागते. धाकटं कोणी बारावीत असेल तर तो फॉर्म आत्ताच लक्षात ठेवा.

एक फोन मात्र लगेच ठेवून द्या. "ताई, बाहेरदेशात सीट आहे, स्वस्तात." २०२१ च्या नियमांनी परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, वर वर्षाची इंटर्नशिप, नीटची पात्रता, आणि परतल्यावर इथली परीक्षा, जिच्यात पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच बहुधा जास्त. एजंट यातलं अर्धंच सांगतो. शेत विकायला निघाला असाल तर उरलेलं अर्धं कोणा जाणत्याकडून ऐका.

परवा वहिनींचा फोन आला. दुसऱ्या फेरीची यादी भरली म्हणाल्या, नंदुरबार चौदाव्या नंबरावर. मुलीचे बाबा रात्री नकाशा काढून तिच्याशेजारी बसले होते, मनमाडनंतर गाडी कुठं बदलायची ते बघत.