ब्रेक लाइट लागत नाही? बल्बच्या आधी होल्डर बघा

अलिबागमध्ये गाडीचा मागचा ब्रेक लाइट बंद पडला की पहिलं निदान ठरलेलं असतं : "बल्ब गेला असेल." बल्ब जातो, नाही असं नाही. पण नवा बल्ब घालूनही दिवा लागत नाही, किंवा चार दिवस लागून पुन्हा रुसतो, तेव्हा या किनाऱ्यावर दोष बहुधा बल्बचा नसतो. तो होल्डरमध्ये आणि त्याच्या अर्थिंगमध्ये असतो. म्हणून सुटा भाग विकत घ्यायच्या आधी पाच मिनिटं तपासणीला द्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

"गाडी कधी वाळूत नेलीच नाही, मग गंज कुठून?" हा दुसरा गैरसमज. वर्सोली किंवा नागावच्या पुळणीवर गाडी उतरवली तर नुकसान जास्त होतं हे खरं, पण मिठाला गाडीपर्यंत यायला वारा पुरतो. फुटणाऱ्या लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर वस्तीत येतात आणि मीठ पत्र्यावर, फटींत बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ त्याच्याही वर असते. टेललाइटच्या रबरी सीलला बारीक चीर असली, तरी आत खारं पाणी तयार होतं.

डिकी उघडून होल्डर फिरवून बाहेर काढा. आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर किंवा पांढरी भुकटी दिसली, तर चोर तिथेच सापडला. इग्निशन बंद ठेवून, फ्यूज काढून, बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या चकचकीत करा, सैल झालेली पत्ती हलकेच वर उचला आणि इलेक्ट्रिकल ग्रीसचा पातळ हात फिरवा. पट्टी खाऊन गेली असेल तर मात्र घासत बसू नका, होल्डरच बदला.

"रात्री तोच दिवा लागतो, म्हणजे बल्ब चांगला आहे," असंही ऐकू येतं. बऱ्याच गाड्यांत एकाच काचेत दोन तारा असतात : टेललाइटची ५ वॉटची आणि ब्रेकची २१ वॉटची. एक तुटली तरी दुसरी जळत राहते. अशा बल्बच्या बुडाच्या दोन खुंट्या मुद्दाम कमी-जास्त उंचीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. जोर लावून बसवला तर होल्डर बिघडतो.

अर्थिंग खराब असल्याची खूण सहज ओळखता येते. ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो, किंवा टेललाइट मंद होतो. करंटला बॉडीकडे जायची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या तारेतून परत जातो. होल्डरच्या अर्थपासून बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला एक वायर टेकवून बघा. दिवा लख्ख झाला, तर निदान पक्कं.

डावा, उजवा आणि काचेजवळचा तिसरा, असे तिन्ही दिवे एकदम बंद असतील तर बल्बांना सोडून द्या. तिन्ही एकाच दिवशी जाणं दुर्मीळ. फ्यूज बघा आणि पेडलच्या वरचा स्विच बघा. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालणं म्हणजे वायरिंग जाळायला परवानगी देणं.

उलट, पाय काढल्यावरही दिवे चालूच राहत असतील तर पेडलवरचा छोटा रबरी किंवा प्लास्टिकचा स्टॉपर तुटून पडलेला असतो. पायाशी त्याचा चुरा सापडतो. किरकोळ वस्तू आहे, पण तिच्यावाचून स्विचचा दट्ट्या दाबला जात नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत हाच स्विच बिघडला तर गाडी सुरूच होत नाही, आणि लोक स्टार्टरला दोष देतात.

डॅशबोर्डवरच्या लाल ब्रेकच्या खुणेवर विसंबून राहणं सर्वांत धोक्याचं. ती हँडब्रेक ओढलेला असल्याचं किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचं सांगते. मागचा बल्ब गेल्याचं ती सांगत नाही, आणि अनेक गाड्यांत त्यासाठी वेगळी सूचना नसतेच. हँडब्रेक ओढून मागचा दिवा लागत नाही. कार्लेखिंडीच्या उतारावर नुसत्या गिअरवर वेग कमी केलात तरीही नाही. मागे गाडी चिकटून येत असेल तर तिथे पेडलला हलका पाय लावावा.

एलईडी लावला की कटकट मिटते, हेही अर्धंच खरं. साधा बल्ब पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेतो. ८० च्या वेगात तेवढ्यात मागची गाडी सुमारे साडेचार मीटर पुढे येते. एलईडी लगेच उजळतो, हा फायदा मोठा आहे. पण त्यालाही तेच होल्डर आणि तेच अर्थिंग लागतं, आणि मीठ त्यालाही सोडत नाही.

काम झाल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून संध्याकाळी उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघा. मग हेडलाइट लावून आणि इंडिकेटर चालू ठेवून पुन्हा दाबा. सगळे दिवे एकत्र चालू असतानाच कच्चं अर्थिंग उघडं पडतं.