चिडाचें रोप आणि मूठभर माती

नैनिताल-राणीखेतच्या प्रवासाहून परतलेल्या कित्येक घरांत कपाटावर चिडाचा एखादा शंकु मांडून ठेवलेला दिसतो. त्यांतील बी कुंडींत पेरून झाड वाढवावें अशी मुलांची इच्छा असते; पण ती बहुधा सफल होत नाहीं. कारण पाकळ्या उघडलेला शंकु हें बिया उडून गेलेलें रिकामें घर होय.

हिमालयाच्या बाह्य रांगांत सुमारें ४५० ते २,३०० मीटर उंचीवर वाढणाऱ्या या वृक्षाचा शंकु पक्व होण्यास जवळ जवळ दोन वर्षें लागतात. एप्रिल-मेच्या उन्हानें त्याच्या पाकळ्या उकलतात आणि पातळ पंखाच्या बिया वाऱ्याबरोबर दूर जातात. म्हणून कुमाऊंत ज्यांना घरीं रोपें करावयाचीं असतात, त्यांनीं हिवाळा सरत असतां मिटलेले तपकिरी शंकु उतरवावे व फडक्यावर उन्हांत वाळवावे. शंकु उघडल्यावर बिया झटकून काढाव्या आणि एक रात्र पाण्यांत भिजत घालाव्या. ज्या तरंगत राहतील त्या बहुधा पोकळ समजाव्या.

चिडाचें सोटमूळ लवकर खोल जातें. यास्तव कुंडी उथळ नसावी. वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातींत बी अर्धें पेर खोल लावून वर जाळी घालावी. नाहीं तर पक्षी व उंदीर ती उकरून खातात. दोन-तीन आठवड्यांत अंकुर येतो आणि डोक्यावरील टरफल गळून पडतांच सुईसारख्या पानांचा झुबका उमलतो. येथें अति माया घातक ठरते. माती सतत ओली राहिल्यास जमिनीलगतचा देठ कुजून रोप एका रात्रींत आडवें होतें. वरची माती सुकल्यावांचून पाणी देऊं नये.

इतकें जपूनही कांहीं महिन्यांनीं रोप पिवळें पडतें व त्याची वाढ खुंटते. तेव्हां गृहस्थ खत वाढवितो. परंतु पुष्कळदां उणीव असते ती सोबत्याची. झाडाचें मूळ व बुरशी यांच्या सहवासास जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक यांनीं १८८५ मध्यें ‘कवकमूल’ या अर्थाचें ग्रीक नांव दिलें. या बुरशीचे सूक्ष्म तंतु कोंवळ्या मुळांस वेढतात, मातींतून फॉस्फरस, नत्र व पाणी आणून देतात, आणि मोबदल्यांत पानांनीं तयार केलेली साखर घेतात. वेस्ट इंडीजमधील प्वेर्तो रिको बेटावर चिडाच्या जातभाईंची लागवड वारंवार फसली होती. १९५५ मध्यें अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिनांतील अशाच वनाची माती आणून रोपांना दिली, तेव्हां तीं जोमानें वाढूं लागलीं.

कुमाऊंतील गृहस्थास त्याकरितां समुद्र ओलांडावा लागत नाहीं. निरोगी जुन्या चिडाखालची, कुजलेल्या सुया मिसळलेली मूठभर माती पेरणीच्या वेळींच कुंडींत घातली कीं पुरे. पुढें पावसाळ्यांत रोप जमिनींत लावतांना मुळांभोंवतींची माती झटकून मुळें स्वच्छ करण्याचा मोह आवरावा. ती माती गेली, तर तिच्याबरोबर रोपाचा सोबतीहि जातो.