कॉन्स्टन्सबाईंचे रशियन

दिवस गेलेल्या बाईला बसल्या बसल्या विरंगुळा हवा म्हणून आपल्याकडे तिच्या हाती लोकर आणि सुया देतात, नाहीतर एखादी पोथी. १८९१ साली इंग्लंडमधल्या अशाच एका बाईच्या हाती घरी येणाऱ्या एका स्नेह्याने रशियन भाषेचे व्याकरण आणि कोश आणून दिला. स्नेहीही साधासुधा नव्हे. फेलिक्स वोल्खोव्स्की हा सायबेरियातल्या हद्दपारीतून निसटून लंडन गाठलेला क्रांतिकारक! बाईंचे नाव कॉन्स्टन्स गार्नेट. त्या वेळी त्या तिशीला टेकल्या होत्या. पुढच्या चाळीसेक वर्षांत त्यांनी रशियनमधून सुमारे सत्तर ग्रंथ इंग्रजीत आणले. वाचकहो, आपल्यापैकी ज्या कोणी टॉल्स्टॉय, चेखव किंवा दोस्तोएव्स्की जुन्या इंग्रजी प्रतींतून वाचला असेल, त्यांनी बहुधा याच बाईंचे बोट धरून ती वाट तुडवली असेल.

कॉन्स्टन्सबाई मूळच्या ब्रायटन गावच्या. जन्म १८६१ चा, आठ भावंडांतला. वडील वकील, पुढे पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. त्यांना खुर्चीतून उचलून बिछान्यावर ठेवताना आईच्या हृदयावर ताण पडला आणि तीच आधी गेली. तेव्हा ही मुलगी तेरा वर्षांची होती. अशा घरातून शिष्यवृत्ती मिळवून तिने केंब्रिजचे न्यूनहॅम कॉलेज गाठले आणि ग्रीक-लॅटिनचा अभ्यास केला. केंब्रिज त्या काळी बायकांना शिकू देई, पण पदवी देत नसे. ती द्यायला १९४८ साल उजाडावे लागले. पुढे लंडनच्या गरीब वस्तीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी, आणि १८८९ मध्ये एडवर्ड गार्नेट यांच्याशी लग्न. नवरा वयाने सहा वर्षांनी लहान. प्रकाशकांसाठी हस्तलिखिते वाचून मत देण्याचे काम करणारा. घरात पुस्तके भरपूर, पैसा बेताचा.

मार्च १८९२ मध्ये मुलगा झाला, डेव्हिड. बाळंतपण आटोपले तरी व्याकरण काही सुटले नाही. याच सुमारास स्तेपन्याक यांची ओळख झाली. हे गृहस्थ म्हणजे १८७८ मध्ये पीटर्सबर्गच्या भर रस्त्यात पोलिसांच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला खंजिराने ठार करून परदेशी निसटलेले! पण लंडनमध्ये त्यांचे रूप वेगळेच होते. कॉन्स्टन्सबाईंचे कच्चे खर्डे घेऊन ते बसत, चुका दाखवीत, आणि हेच काम पोटापाण्याचे म्हणून करा असा आग्रह धरीत. गोंचारोव्हची एक कादंबरी आणि टॉल्स्टॉयचे 'देवाचे राज्य तुमच्या अंतरी आहे' हे पुस्तक, अशी दोन भाषांतरे १८९४ साली छापून निघाली. या दुसऱ्या पुस्तकाने दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना किती भारून टाकले, हे त्यांची आत्मकथा वाचणाऱ्यांना सांगायला नको.

पण पुस्तकातली भाषा आणि माणसांच्या तोंडची भाषा यांत अंतर असतेच. म्हणून १८९४ च्या ऐन थंडीत, दोन वर्षांचेही न झालेले मूल मागे ठेवून, बाई एकट्या रशियाला निघाल्या. दुष्काळग्रस्तांसाठी गोळा झालेले पैसे पोचवायचे, हेही एक निमित्त होतेच. त्या प्रवासात टॉल्स्टॉयची भेट झाली. त्यांना आपली धर्मविषयक पुस्तके बाईंकडून इंग्रजीत यावीत असे वाटत होते. पण तोवर बाईंनी तुर्गेनेव्ह हाती घेतला होता, आणि घेतलेले काम त्या सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी, डिसेंबर १८९५ मध्ये, लंडनजवळ रूळ ओलांडताना स्तेपन्याक आगगाडीखाली सापडून गेले. गुरू गेला, काम थांबले नाही. १८९९ पर्यंत तुर्गेनेव्हचे पंधरा खंड पुरे झाले.

केंट परगण्यात रानाच्या कडेला त्यांनी दगडी घर बांधले होते. एडवर्ड बराचसा लंडनला. बाई, मुलगा, बाग आणि रशियन कादंबऱ्या इकडे. डी. एच. लॉरेन्स हे लेखक त्या घरी येत. बागेत बसून लिहिणाऱ्या बाई त्यांच्या चांगल्याच लक्षात राहिल्या. पान संपले की मान वर न करता जमिनीवर टाकायचे, की पुढचे सुरू. पानांची रास जवळजवळ गुडघ्यापर्यंत आलेली.

या वेगाची किंमत पुढे द्यावी लागली. बाईंचे डोळे आधीच अधू. 'युद्ध आणि शांतता' म्हणजे इंग्रजीत साडेपाच लाखांच्या आसपास शब्द. ते १९०४ मध्ये बाहेर पडले तोवर दृष्टी इतकी खालावली होती, की बारीक छापा वाचणे दुरापास्त झाले. दुसरा कोणी असता तर इथे थांबता, आणि त्याला कोणी नावही ठेवले नसते. बाईंनी पद्धत बदलली. दुसऱ्याने रशियन वाक्य मोठ्याने वाचायचे, बाईंनी ऐकून इंग्रजी सांगायचे, त्याने उतरवून घ्यायचे. रशियातून शिकायला आलेल्या नताली डडिंग्टन या तरुणीची या कामी मोठी मदत झाली. 'करामाझव बंधू' १९१२ मध्ये आले आणि १९२० पर्यंत दोस्तोएव्स्कीचे बारा खंड पुरे झाले. त्याच काळात चेखवच्या कथांचे तेरा खंडही चालू होतेच! निम्म्याहून अधिक काम, म्हणजे, डोळे गेल्यावरचे.

टीका व्हायचीच, ती झाली. नाबोकोव्ह यांना ही भाषांतरे मुळीच सोसत नसत. ब्रॉडस्की यांचे म्हणणे असे, की इंग्रजी वाचकाला टॉल्स्टॉय आणि दोस्तोएव्स्की सारखेच वाटतात, कारण तो वाचतो त्या कॉन्स्टन्सबाईंना. यात तथ्य आहे. दोस्तोएव्स्कीची धापा टाकणारी, अडखळणारी वाक्ये बाईंच्या हाती नीटनेटकी होऊन बसतात. एकाच शिंप्याने सर्वांचे कोट शिवावेत तशी. अवघड जागा त्या कधी कधी गाळतही. पण हा ठपका ठेवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की बाईंच्या आधी इंग्रजीत यांतले कितीतरी नव्हतेच. १९२१ मध्ये कॅथरिन मॅन्सफील्ड यांनी आपल्या पिढीवरचे बाईंचे ऋण मान्य करणारे पत्र त्यांना धाडले. हेमिंग्वे यांना 'युद्ध आणि शांतता' शेवटपर्यंत वाचता आले ते बाईंच्या भाषांतरामुळेच, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

तुर्गेनेव्हची तीन नाटके १९३४ मध्ये निघाली आणि बाईंनी लेखणी खाली ठेवली. तीन वर्षांनी एडवर्ड गेले. बाई त्यानंतरही त्या दगडी घरात राहिल्या आणि १७ डिसेंबर १९४६ रोजी, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, वारल्या. नंतर अनेकांनी नवी भाषांतरे केली, काहींनी बाईंचीच जुनी भाषांतरे पुढ्यात घेऊन चुका सुधारल्या. त्या सुधारलेल्या आवृत्त्यांवर मूळ भाषांतरकार म्हणून कॉन्स्टन्स गार्नेट हेच नाव छापलेले असते.