पेटीतले मावळे पुन्हा रंगवताना



दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे मावळे रंगवण्याचे काम आपल्या मंडळात एके काळी दसरा झाला की सुरू व्हायचे. सभासदांत बहुतेक घरे खानदेशातली. किल्ल्याची हौस आणली ती पुण्या-साताऱ्याकडून आलेल्या दोन-चार घरांनी, पण दोन वर्षांत ती सगळ्यांची झाली.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले आणि तळमजल्यावरच्या खोलीतली मावळ्यांची पेटी पाण्याखाली गेली. कच्च्या शाडूचे शिपाई विरघळले, पेटीच्या तळाशी नुसता गाळ उरला. भाजलेल्या मातीचे आणि प्लास्टरचे मिळून ३१ नग वाचले. त्या वर्षी सगळ्यांना आपापली घरेच सावरायची होती, किल्ला झाला नाही. पुढच्या वर्षीही राहिला. मग सवयच मोडली.

गेल्या दिवाळीआधी ती पेटी आम्ही पुन्हा उघडली. इतक्या वर्षांनी ब्रश हातात धरताना काय चुकले, काय जमले, ते इथे सांगतो. घरोघरी अशा जुन्या पेट्या असतील, त्यांना उपयोग होईल.

आधी ओळख, मग पाणी

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. धूळ काढायला एक तोफवाला सरळ नळाखाली धरला. तो नंतर कोणीतरी ठेवलेला कच्च्या मातीचा होता. त्याचे नाक गेले. म्हणून आधी ओळख पटवा. तळाला, जिथे रंग नाही तिथे, पाण्याचा एक थेंब लावून बोट फिरवा. बोटाला चिखल लागला तर माती कच्ची. त्याला फक्त कोरड्या मऊ ब्रशने झटकायचे. भाजलेली माती ओलसर फडक्याने पुसली तरी चालते. तळ पांढराशुभ्र असेल तर ते प्लास्टर. तेही भिजवू नये.

तुटलेले हात एम-सीलने जोडता येतात. मोडक्या भाल्याच्या जागी बांबूची बारीक काडी बसवावी, तलवारीसाठी पत्र्याची अरुंद पट्टी कापावी. जोड एक रात्र तसाच ठेवावा, घाई करू नये.

अस्तर आणि रंग

पूर्वी आपण पोस्टर कलर थेट मातीवर लावायचो. माती पाणी शोषून घेते, रंग डागाळतो, आणि दुसरा हात दिला की खालचा रंग वर येतो. आता ॲक्रिलिक रंग सहज मिळतात. ते एकदा वाळले की पाण्याने सुटत नाहीत. आधी पांढऱ्या ॲक्रिलिकचे पातळ अस्तर द्या आणि रात्रभर वाळू द्या. आपल्याकडे भाद्रपदात हवा दमट असते, अस्तर वाळता वाळत नाही. नवरात्र संपल्यावर काम सुरू करणे बरे.

शिपाई हातात धरून रंगवू नका, बोटे लागून रंग निघतो. दोऱ्याच्या रिकाम्या कोनवर दुहेरी चिकटपट्टीने तो उभा करावा आणि कोन फिरवत रंगवावे. सुरतेत रिकाम्या कोनला तोटा नाही.

क्रम असा ठेवावा: आधी कातडीचा रंग, मग कपडे, मग पट्टे आणि ढाल, मग शस्त्रे. सगळे वाळल्यावर तपकिरी रंग चहाइतका पातळ करून अंगभर फिरवावा. तो घड्यांमध्ये उतरतो आणि सावली आपोआप तयार होते. शेवटी मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून, ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि उंचवट्यांवर हलकेच फिरवावा. एवढ्या दोन गोष्टींनी बाजारातला मावळा ओळखू येत नाही.

डोळ्यांचे मात्र खरे सांगायला हवे. विशीत आम्ही पांढऱ्या बुबुळात काळा ठिपका द्यायचो. आता चष्मा लावूनही हात थरथरतो. चार मावळे चकणे झाल्यावर आम्ही तो नाद सोडला. सात-आठ सेंटिमीटरच्या शिपायाला भुवईखाली एक गडद रेघ पुरते. हातभर अंतरावरून तो बघतोय असेच वाटते.

गणवेश नव्हता, हे लक्षात ठेवा

युरोपात लढायांचे खेळ छोट्या रंगवलेल्या सैनिकांनी खेळणारी मोठी मंडळी पुष्कळ आहेत. लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा खेळाच्या नियमांचे पुस्तकच लिहिले होते. त्यांचे आजचे शिपाई बहुधा २८ मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या मावळ्याच्या निम्म्याहून लहान. नेपोलियनच्या काळातल्या पलटणींना ठरलेला गणवेश होता, त्यामुळे कोणत्या पलटणीची कॉलर कोणत्या रंगाची हे त्यांना नेमके बघता येते.

आपल्याकडे सतराव्या शतकात तसे नव्हते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, पण कपडे ज्याचे त्याचे. म्हणून बाजारातले सगळे मावळे एकाच भडक हिरव्या-केशरी रंगात रंगवलेले दिसतात ते खरे नव्हे. न रंगवलेल्या सुताचा मळकट पांढरा हा मुख्य रंग धरा. त्यात मंजिष्ठाचा तांबडा, निळीचा निळा मधूनमधून द्या. दोन मावळे शेजारी सारखे दिसू नयेत. सरदाराच्या शेल्याला सुरती जरीचा एक धागा गुंडाळला की रंगाने जमत नाही ते काम होते.

पाहायला समकालीन चित्रही आहे. मनुची या इटालियन प्रवाशासाठी मीर मुहम्मद या चित्रकाराने काढलेले महाराजांचे अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात महाराजांच्या भोवती पायी चालणारे शस्त्रधारी आहेत. त्यांचे कपडे मुलांना जरूर दाखवा.

सुरतेत कोणता किल्ला करायचा?

रंगवायला बसलेल्या एका सात वर्षांच्या मुलीने विचारले, "महाराजांनी आपली सुरत का लुटली?" तिची सुरत आहे ती. तिचा जन्म इथला, मैत्रिणी इथल्या. खोलीत क्षणभर कोणीच बोलले नाही.

आम्ही तिला जे सांगितले ते असे. सुरत तेव्हा मोगलांचे सगळ्यात श्रीमंत बंदर होते. शायिस्ताखानाच्या स्वारीने स्वराज्याची धूळधाण झाली होती आणि ते नुकसान मोगलांच्याच खजिन्यातून भरून काढायचे होते. म्हणून जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये मराठी फौजा इथे आल्या. पहिल्या वेळी इथला मोगल अधिकारी इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघड्यावर पडले. व्यापाऱ्यांची घरे लुटली गेली, आगी लागल्या, सामान्य माणसांनाही झळ बसली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायच्या. तो किल्ला आजही चौक बाजाराजवळ आहे, दुरुस्त होऊन पाहण्यासाठी खुला आहे. मुलांना घेऊन जा.

दिवाळीला आम्ही साल्हेर केला. बागलाणातला, डांगच्या सीमेलगतचा हा किल्ला १५६७ मीटर उंच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी तो एक. आपल्यापैकी कित्येकांच्या गावाहून तो सुरतेपेक्षा जवळ आहे. फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी त्याच्या पायथ्याशी मोगल फौजेला मोकळ्या मैदानात हरवले. सूर्यराव काकडे तिथे पडले.

लढाई दाखवायची तर समोरची फौजही हवी. मोगल शिपाई बाजारात मिळाले नाहीत, म्हणून नऊ मावळ्यांना एम-सीलचे लांब जामे घालून मोगल केले. त्यांनाही तेवढीच मेहनत घेऊन रंगवले. त्यातला सगळ्यात सुबक घोडेस्वार त्याच मुलीचा आहे.

मोजमापाची एक युक्ती सांगतो. आपले शिपाई लहानमोठे असतात आणि बुरुजाएवढा मावळा विचित्र दिसतो. मोठे पायथ्याशी, लहान वर मांडावेत. किल्ला आहे त्यापेक्षा उंच वाटतो.

जुन्या हातचे मावळे

वाचलेल्या ३१ नगांपैकी ११ आपल्या एका काकांच्या हातचे होते. आम्हाला ब्रश धरायला त्यांनीच शिकवले. प्रत्येकाची मिशी ते वेगळी काढत. काका आता नाहीत. त्यांच्या मावळ्यांचा रंग पोपडे धरून सुटत होता. त्यावर रंग द्यावा की नाही, यावर आमच्यात दोन तट पडले आणि आवाजही चढले. शेवटी काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "अरे, ते काय देव्हाऱ्यात ठेवायला रंगवले होते का त्यांनी? उभे करा किल्ल्यावर."

दहा रंगवले. अकरावा तसाच ठेवला आहे, मुलांना मिशी कशी काढायची ते दाखवायला.

यंदा नवरात्र संपल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत बसणार आहोत. येताना दोऱ्याचा रिकामा कोन, जुना मऊ ब्रश आणि ज्यांना लागतो त्यांनी जवळचा चष्मा आणावा. रंग मंडळाकडे आहेत. पेटी आता वरच्या मजल्यावर ठेवली आहे.